बिनशिंगी कळप

९ जानेवारी

शेळी माणसाकडे टक लावून बघते तेव्हा तिला नक्की काय हवं असतं? मला सांगता येणार नाही. प्राणिशास्त्राच्या तीन वर्षांत हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. आला असता तर मी चार पानं लिहिली असती आणि त्यातलं एकही वाक्य खरं नसतं.

आज तीन शेळ्या घरी आल्या. बुटक्या जातीच्या. पुरत्या वाढलेल्या आहेत, तरी माझ्या गुडघ्याच्या जराशाच वर येतात. एक काळी कुळकुळीत, ती शाई. एक विटकरी रंगाची, ती वीट. तिसरी पांढऱ्यावर तपकिरी डागांची, कुणी घाईघाईत शिवून टाकल्यासारखी, ती ठिगळ. शाई आणि ठिगळ जन्मापासून बिनशिंगी आहेत. वीटला शिंगं आहेत आणि तिला ती माहीत आहेत.

तिघी बाबांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. आई दारातून म्हणाली, "झाली ओळख? आता पदवी दाखव त्यांना."

बाबांनी शेड दिली याचं मला अजून नवल वाटतं. तीस वर्षं तिथे कुणाला रंध्याला हात लावू दिला नाही. मी मागायला गेले तेव्हा भाषण पाठ करून गेले होते. पहिल्या वाक्यालाच म्हणाले, "घे." उरलेलं भाषण वाया गेलं.

१२ जानेवारी

गव्हाण केली. म्हणजे मी केली. बाबा स्टुलावर बसून सांगत होते आणि मी कापत होते. खूण करायला पेन्सिल त्यांच्या हातात दिली तर त्यांनी ती परत माझ्याकडे ढकलली. "रेघ तू मार. तुझ्या हाताला सवय होऊ दे." दिवसभर त्यांनी स्वतः एकही खिळा मारला नाही. त्यांच्यात शिक्षक लपलेला आहे हे मला माहीत नव्हतं. सहा खिळे वाकडे गेले तरी रागावले नाहीत.

थंडी फार आहे म्हणून चहाचा कप दोन्ही हातांनी धरून प्यायले. मला तर थंडी वाटली नाही. करवत चालवत होते म्हणून असेल.

१७ जानेवारी

ज्यांच्याकडून शेळ्या घेतल्या त्या शेळीवाल्या आजोबांकडे गेले होते. ते एका करडाच्या शिंगांचे अंकुर डागत होते. लोखंडाची गरम नळी डोक्यावर टेकवायची आणि चार-पाच आकडे मोजायचे. करडू अगदी लहान मुलासारखं ओरडलं. केस जळल्याचा वास माझ्या ओढणीला अजून येतोय.

"दर वेळी करावं लागतं?" मी विचारलं.

"नाही केलं तर मोठेपणी एकमेकांची पोटं फाडतात. जाळीत अडकून मरतात. गिऱ्हाईकपण शिंगाची नको म्हणतं."

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. माझ्या कळपात कुणाच्या डोक्याला गरम लोखंड लागणार नाही. उपाय सोपा आहे आणि तो पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. शिंग नसण्याचा गुण वरचढ असतो. बिनशिंगी नर आणि बिनशिंगी मादी एकत्र आणली की चारातली तीन करडं बिनशिंगी. पुढच्या पिढीत आणखी जास्त. शेडच्या भिंतीवर खडूने हे गणित मांडायची चार घरांची चौकट काढली. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "खिडकी काढलीस का?"

२१ जानेवारी

आजोबांना सांगितलं की मला बिनशिंगी बोकड हवाय. त्यांच्याकडे सगळे शिंगाचे.

ते म्हणाले, "दोन्हीकडून भुंडी जोडू नकोस, पदवीबाई. एकाला तरी शिंग हवं."

"का?"

"आमच्यात करत नाहीत."

"पण का करत नाहीत?"

"पोटी येतं ते धड इकडचं नसतं, धड तिकडचं नसतं."

मी हे वहीत उतरवून घेतलं. अशा समजुतींवर कधीतरी लिहायचंय. आजोबांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण "आमच्यात करत नाहीत" हे काही कारण झालं नाही.

२३ जानेवारी

शेतकी शाळेने त्यांचा बोकड कायमचा दिला. बिनशिंगी, राखाडी, लांब दाढीचा. चालतो असा की वर्गात शिरतोय आणि सगळ्यांनी उठून उभं राहावं. त्याचं नाव आपोआप 'प्राचार्य' पडलं. वास मात्र प्राचार्यांसारखा नाही. आईने शेडकडची खिडकी बंद केली आणि म्हणाली की आता ती उन्हाळ्यातही बंदच राहील.

२४ जानेवारी

शाई माजावर आली. शेपटी सतत हलवत होती आणि उगाच ओरडत होती. प्राचार्यांना आत सोडलं. एका मिनिटात आटोपलं. तीन वर्षांत ज्या विषयाचे तीन पेपर लिहिले तो विषय इतका थोडक्यात असतो.

२ फेब्रुवारी

परवा ठिगळचंही झालं. आज वीट माजावर आली. तिला या वर्षी गाभण करायचं नव्हतं, कारण ती शिंगाची. हे प्राचार्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुंपणाची खालची पट्टी तोडून ते आत शिरले. बाबा बाहेर बसलेले होते, पण त्यांनी अडवलं नाही. म्हणाले, "अडवलं असतं, पण दोघांचं एकमत दिसलं."

पट्टी मीच बसवली. बाबा म्हणाले हातोडी आता तुझीच.

११ मार्च

आज गल्लीतल्या पाच घरांशी बोलणं पक्कं झालं. माझी कल्पना अशी: माझ्याकडे जन्मलेल्या पाटी (मादी करडाला शेळीवाले पाट म्हणतात) मी एकेका घरी देणार. त्या बाईने ती वाढवायची, दूध घरात वापरायचं, आणि तिला होणारी पहिली पाट पुढच्या घरी द्यायची. अशी एकेक करत सगळ्या गल्लीत शेळी होईल. कुणी कुणाचं काही देणं लागणार नाही.

पहिला नंबर समोरच्या शिवणवाल्या मावशींचा. त्या एकट्या राहतात, रस्त्याकडच्या खोलीत मशीन आहे, मागच्या खोलीत त्या. त्यांनी विचारलं, "मला जमेल का गं? मी आजवर फक्त कापड सांभाळलंय."

"मावशी, कापडापेक्षा सोपं. कापड स्वतःहून जेवत नाही."

बेकरीवालीचा नंबर दुसरा. ती म्हणाली, "मला बाई शिळ्या पावाची काळजी मिटली."

आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "अजून पोटात आहेत आणि ही वाटून मोकळी."

६ मे

या पानाचा कोपरा ठिगळने खाल्ला. मी वही गव्हाणीवर ठेवली होती, म्हणजे चूक माझी.

शाईच्या उजव्या कुशीवर हात ठेवला की आतून ढकलल्यासारखं जाणवतं. मी ठेवला, आईने ठेवला, मग बाबांनीही. बाबांचा हात खूप वेळ तिथे होता. त्यांना शेळ्या विशेष आवडत नाहीत असं ते म्हणतात.

१८ जून

दुपारी शाई व्याली. मी पुस्तकात वाचलेलं सगळं विसरले. शाई विसरली नव्हती. आधी एक नर आला, दहा मिनिटांनी एक पाट. एकेक माझ्या ओंजळीत मावेल एवढं. दोघांची डोकी गुळगुळीत! अंकुर असतात तिथे केसांचा भोवरा असतो, तो नाही. बिनशिंगी. मी भिंतीवरच्या चौकटीपाशी जाऊन उगाच उभी राहिले.

शिवणवाल्या मावशी मशीन तशीच सोडून धावत आल्या, गळ्यात टेप. पाटीला बघून म्हणाल्या, "अगं, कोटाच्या गुंडीएवढी आहे." नाव ठरलं, गुंडी.

गुंडीला पुसताना शेपटीखाली वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. बाळंतपणात दाबलं जाऊन सूज आली असावी. कोमट पाण्याने पुसलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई पंधरा दिवस बाहेरगावी आहेत.

२८ जून

ठिगळला परवाच्या आदल्या दिवशी दोन नर झाले. काल वीटला एक पाट झाली, डोक्यावर दोन भोवरे. म्हणजे शिंगं येणार. चौकटीनुसार हे बरोबरच आहे, वीट शिंगाची आहे ना. तरी मन जरा खट्टू झालं. ती वीटसारखीच विटकरी आणि भांडखोर आहे. डागणार मात्र नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

गुंडीची सूज तशीच आहे, पण दूध जोरात पिते. डॉक्टरीणबाई आल्या की विचारायचं.

९ जुलै

डॉक्टरीणबाई जंताचं औषध द्यायला आल्या होत्या. खूप घाईत होत्या. मी शाईच्या दुधाचं विचारलं, गव्हाणीच्या उंचीचं विचारलं, गुंडीचं विचारायला विसरले. ती त्या वेळी बाबांच्या मांडीवर झोपली होती. बाबा म्हणाले, "हलवू नको, आत्ता डोळा लागलाय." कुणाचा ते विचारलं नाही.

२० ऑगस्ट

गुंडी मावशींच्या घरी गेली. मावशींनी तिच्यासाठी जुन्या कोटाच्या अस्तराचा अंगरखा शिवलाय, चार पायांसाठी चार भोकं, पाठीवर खऱ्या गुंड्या. संपूर्ण गल्ली बघायला आली. चावीवाला म्हणाला, "मावशी, मला कधी शिवणार?" मावशी म्हणाल्या, "आधी तू स्थिर उभा राहायला शीक, ही राहते."

मी पहिली बिनशिंगी पाट मुद्दाम त्यांना दिली. वीटची शिंगाची पाट दहा दिवसांनी बेकरीवालीकडे जाईल. जी गोष्ट आपण चांगली समजतो ती आधी द्यावी असं मला वाटलं.

शाई दिवसभर समोरच्या खिडकीकडे तोंड करून उभी होती.

६ ऑक्टोबर

बेकरीवाली सांगत आली की तिची पाट माजावर आलीय. सव्वातीन महिन्यांची! बुटक्या जातीत इतक्या लवकर होतं. तिला सांगितलं, इतक्यात बोकडाजवळ न्यायची नाही, अंगाने भरू दे. ती गल्लीभर मिरवत गेली.

शिवणवाल्या मावशींनी खिडकीतून विचारलं, "आमची गुंडी आठ-दहा दिवसांनी मोठी आहे ना तिच्यापेक्षा?"

"हो."

"मग?"

"प्रत्येकीचं वेगळं असतं, मावशी."

२८ ऑक्टोबर

गुंडीचं वागणं मोठं गमतीचं आहे. मावशींच्या गादीवर चढते, शिलाईच्या पुतळ्याशी टकरा घेते, वरचा ओठ वळवून हवा हुंगते. मानेवर केसांची ओळ उभी राहिलीय. मावशी म्हणतात, "मुलगी आहे, पण वागणं अगदी टग्याचं." आज मला त्यांच्या खोलीत ओळखीचा वास आला. म्हटलं प्राचार्यांचा माझ्या कपड्यांना लागला असेल.

बाहेर नळावर बेकरीवाली कुणाला तरी म्हणत होती की मावशींच्या हाताला जनावर लागत नाही. मावशींनी ते ऐकलं. आत आल्यावर मला हळू आवाजात विचारलं, "मी काही चुकीचं खायला घातलं का गं? कापडाचे तुकडे गेले असतील का पोटात? मी रोज झाडते, पण तरी..."

मी म्हणाले, "चारा बदलून बघा."

असं का म्हणाले? चाऱ्याचा काही संबंध आहे असं मला वाटत नव्हतं. मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, एवढंच.

५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना गुंडीकडे नेलं. मावशी कापड आणायला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी शेपटी उचलली, बघितलं, पुन्हा बघितलं आणि मला विचारलं, "हिचे आई-बाप दोघंही बिनशिंगी?"

"हो." मी अभिमानाने म्हणाले. खरंच अभिमानाने म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. शिंग नसण्याचा गुण आणि आणखी एक दोष एकाच जागी चिकटलेले असतात. हा गुण एकाच बाजूने आला तर करडू नुसतं बिनशिंगी होतं, बाकी ठणठणीत. दोन्ही बाजूंनी आला आणि करडू मादी असेल, तर तिचं मादीपण पुरं होत नाही. गुंडी गाभण राहणार नाही. दूध देणार नाही. कधीच नाही. जन्मतः जो वाटाणा मी पुसला होता ती सूज नव्हती.

"हे पुस्तकात नाही का?" मी विचारलं.

"आहे. तुमच्या पुस्तकाच्या पुढच्या पुस्तकात." त्या चांगल्या आहेत, हसल्या नाहीत. "शेळीवाले तर असं जोडतच नाहीत. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

घरी येऊन शेडमध्ये बसले. चौकट अजून भिंतीवर आहे. चारही घरं बरोबर भरलेली आहेत. मी तिला फक्त शिंगांबद्दल विचारलं होतं. तिने शिंगांबद्दलच उत्तर दिलं.

७ नोव्हेंबर

आजोबांकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, बघ मी म्हणालो होतो. ते चारा कापत राहिले.

शेवटी मीच म्हणाले, "तुम्ही तेव्हाच नीट सांगितलं असतं तर..."

"सांगितलं की. तू लिहूनपण घेतलंस."

मग म्हणाले, "मला माझ्या काकाने सांगितलं होतं. मीही केलंच. तीन पाटी तशा निघाल्या तेव्हा पटलं. कारण मलाही ठाऊक नव्हतं, आज तुझ्याकडून कळलं. बरं झालं." थोड्या वेळाने, "ते करडू आणून दे. मी बघतो त्याचं काय करायचं ते."

काय करायचं ते मला कळलं. नको म्हणाले.

घरी आल्यावर एकवीस जानेवारीचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे. खाली मी "समजुती" असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय.

८ नोव्हेंबर

आई म्हणते गप्प बस. "कुणाला कळणार आहे? काही शेळ्या राहतच नाहीत गाभण. वर्षभराने मावशींना दुसरी दे. आता बोललीस तर बाकीच्या चौघी काय म्हणतील? शिकलेल्या पोरीने असलं जनावर आमच्या गळ्यात बांधलं."

हे मी कालपासून स्वतःशी म्हणतेच आहे, म्हणून आईच्या तोंडून ऐकायला जास्त वाईट वाटलं. गप्प बसले तर माझी कल्पना वाचते. फक्त नळावर सगळ्या म्हणत राहतील की मावशींच्या हाताला जनावर लागत नाही. आणि मावशींना ते खरं वाटेल. वाटतंच आहे. रोज तीनदा खोली झाडतात.

बाबांना विचारलं. म्हणाले, "दार बसलं नाही की सुतार म्हणतो भिंत वाकडी. सगळेच म्हणतात. मीही म्हटलंय."

"मग?"

"मग काय, त्या घरातला माणूस जन्मभर भिंतीकडे बघत बसतो." "सांगायला हवं ते वेळेवर सांगावं. नंतर रोज थोडं थोडं लपवत बसावं लागतं." आणि हात खिशात घालून शेळ्यांकडे गेले. बाबा इतकं कधी बोलत नाहीत. माझ्या काळजीने बोलले असणार.

१२ नोव्हेंबर

सांगितलं.

मावशींच्या खोलीत बेकरीवाली मापं द्यायला आली होती, चावीवाल्याची बायको आणि आणखी दोघी बसलेल्या होत्या. मावशींना एकटं गाठायचं असं ठरवून गेले होते, पण दारात मनात आलं की बोलणं चारचौघीत झालंय, तर खुलासाही चारचौघीत व्हायला हवा.

"गुंडी गाभण राहणार नाही. दूधही देणार नाही. ती जन्मापासून तशी आहे. मावशींनी काहीही चुकीचं केलेलं नाही. चूक मी केली. जोडी मी चुकीची लावली, आणि मला आधी बजावलं होतं तरी लावली. चारा बदला म्हणाले तेही खोटंच म्हणाले."

मावशींची टेप थांबली. बेकरीवालीचे हात मापासाठी वर केलेले तसेच राहिले.

"म्हणजे तो आहे की ती?" चावीवाल्याच्या बायकोने विचारलं.

"धड दोन्ही नाही."

"अगंबाई."

"आणि माझी?" बेकरीवालीने हात खाली घेतले.

"तुमची अगदी चांगली आहे. तिची आई शिंगाची आहे म्हणून."

"म्हणजे तू चांगली म्हणून त्यांना दिलीस आणि उरलेली म्हणून मला?" बेकरीवाली म्हणाली आणि मोठ्याने हसली. एकटीच हसली. मग तीही थांबली आणि मावशींकडे बघून म्हणाली, "मी नळावर बोलले ते... जाऊ दे. चुकलंच माझं."

गुंडी पुतळ्याला टकरा देत होती. मी निघाले तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "पाच आठवडे मी तुला विचारत होते गं. पाच आठवडे."

मला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटतं. तसं काही झालं नाही.

१३ नोव्हेंबर

सकाळी मावशी स्वतः गुंडीला घेऊन आल्या. अंगरखा धुऊन, इस्त्री करून अंगावर घातलेला. दोरी बाबांच्या हातात दिली, माझ्या नाही. "ठेवली असती. पण ती रोज समोर असली की मला माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहील. इतके दिवस तेच वाटून घेतलंय."

जाताना गुंडीच्या पाठीवरची एक सैल गुंडी त्यांनी तिथेच उभं राहून घट्ट केली. दोरा दाताने तोडला.

दुपारी पाचातल्या दोन घरांनी निरोप पाठवला की सध्या नको. उरलेल्या एकीने काही कळवलं नाही. बेकरीवालीची पाट तिच्याकडेच आहे.

१५ नोव्हेंबर

प्राचार्यांना आजोबांकडे पोचवलं. त्यांच्या उरलेल्या सगळ्या शेळ्या शिंगाच्या आहेत, तिथे प्राचार्यांचा दोष कुणाला बाधणार नाही. बदल्यात त्यांनी त्यांचा शिंगांचा बोकड दिला. लाल, बुटका, डोळ्यांत सतत कसलीतरी तक्रार. नाव अजून सुचलेलं नाही.

आजोबांना विचारलं, "आता माझ्याकडे निम्म्याहून जास्त करडांना शिंगं येतील. डागलं नाही तर चालणारच नाही का?"

"चालतं. गव्हाणीच्या फटी रुंद कर म्हणजे अडकत नाहीत. जाळी काढून फळ्या लाव. भांडखोर असेल तिला वेगळी बांध. काम वाढतं, म्हणून कुणी करत नाही."

हे त्यांना माहीत होतं! मी जानेवारीत विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतं. मी "का" विचारलं, आणि "का"चं उत्तर आलं नाही म्हणून पुढचं काही विचारलंच नाही.

१९ नोव्हेंबर

गव्हाणीच्या फटी रुंद करतेय. बाबांनी माप सांगितलं, कापलं मी.

बाबांचं जुनं गिऱ्हाईक आज कपाटाचं काम घेऊन आलं होतं. बाबांनी त्यांना सरळ सांगितलं, "आता काम घेत नाही. हात थरथरतात. दीड वर्ष झालं." आई आतून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मला हसू आलं. दिवसभर शेळ्यांत बसायला मिळावं म्हणून बाबा केवढी सबब काढतात. ते गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा. तेही हसले. मग म्हणाले, "फळी धर नीट, करवत घसरेल."

गुंडी त्यांच्या मागेमागे असते. ते बसले की तीही बसते.

२१ नोव्हेंबर

आज मावशींच्या खिडकीवरून दोनदा गेले. त्यांनी मान वर केली, हसल्या नाहीत, पण मान वर केली.

दिवसभर एकच विचार आहे. त्यांना पुढच्या वर्षीची पाट द्यायचं वचन देता येईल. पण वचन त्यांना मी एकदा दिलंय. पाच महिने गाभण काळ, दोन महिने दूध तुटेपर्यंत, मग ती मोठी होऊन व्यायला आणखी वर्ष. इतके दिवस त्यांनी माझ्या शब्दाकडे बघत बसायचं?

माझ्याकडे या घडीला दूध देणाऱ्या तीन शेळ्या आहेत. त्यात शाई सगळ्यात चांगली. सगळ्यात शहाणीही. धार काढताना हलत नाही. नवख्या हाताला अशीच शेळी लागते.

आईला सांगितलं तर म्हणाली, "भरपूर दुधाची तेवढीच तर आहे आपल्याकडे. ठिगळ दे ना."

"ठिगळ लाथ मारते, आई."

"तुला मारते तशी त्यांना मारेल." पण मग बादली घासता घासता म्हणाली, "न्यायची असली तर सकाळी ने. दुपारी त्यांच्याकडे गिऱ्हाइकं असतात."

२२ नोव्हेंबर

शाईला मावशींकडे देऊन आले.

दार उघडून त्या शाईकडे बघत राहिल्या. "ही कशाला?"

"तुमची आहे. परत मागायला येणार नाही. पुढच्या घरी पाट द्यायची अटही नाही."

"आणि तुझा कळप?"

"दोघी आहेत की. बोकड आहे."

शाईने खोली हुंगली, पुतळा हुंगला, पायमशीनच्या पट्ट्याला नाक लावलं. मग मावशींसमोर उभी राहून टक लावून बघायला लागली. मावशी म्हणाल्या, "हिला काय हवंय?" मी सांगितलं की तिची कास भरलीय. आज सकाळी मी तिचं दूध काढलं नाही. घरून तशीच नेली, म्हणजे पहिली धार त्यांच्याच भांड्यात पडेल.

त्यांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली, हात धुतले आणि स्टूल ओढलं. मी अंगठा कुठे आणि बोटं कुठे ते एकदाच दाखवलं आणि मागे सरले. पहिल्या चार-पाच वेळा काहीच आलं नाही. शाई हलली नाही. मग भांड्याच्या तळाशी बारीक आवाज झाला.

मी दार ओढून घेऊन निघाले.